हजार यार्डांवर वाऱ्याचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले, ते ५० मीटरवर, .२२ कॅलिबरच्या रायफलने. त्या स्पर्धेत कॅलिबर नियमानेच ठरलेले असते. ब्रिटन, अमेरिका, कॅनडात लोकप्रिय असलेल्या हजार यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटरच्या नेमबाजीत मात्र निवडीला वाव असतो आणि नवखा नेमबाज बहुधा सर्वांत जोरदार काडतुसाकडे वळतो. पण कागदाला भोक पाडायला जोर लागतो कितीसा? गोळीला वाटेत ढळवणाऱ्या मुख्य गोष्टी दोन, गुरुत्वाकर्षण आणि वारा. गुरुत्वाकर्षण बदलत नाही. अंतर ठाऊक असले की गोळी किती खाली येणार हे तक्त्यात पाहून दुर्बिणीवर तेवढे क्लिक फिरवता येतात. वारा मात्र क्षणोक्षणी बदलतो, आणि एकाच मैदानात ठिकठिकाणी वेगळा वाहतो. म्हणून कॅलिबर पारखायचे ते वाऱ्यावर.

१९५२ साली आलेले .३०८ विंचेस्टर घ्या. त्याची १६८ ग्रेन वजनाची गोळी ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात हजार यार्डांवर शंभर इंचांहून अधिक सरकते. शिवाय तोवर तिचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरतो आणि ती डगमगू लागते. हॉर्नडी कंपनीने २००७ साली आणलेल्या ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची लांब, सडपातळ गोळी हवा सहज कापते; तीच झुळूक तिला साधारण ७५ इंच सरकवते. एफ-क्लास नावाच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत या अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ असते १० इंच व्यासाचे. मधोमध नेम धरला आणि वाऱ्याचा अंदाज ताशी अर्ध्या मैलाने चुकला, तर .३०८ची गोळी वर्तुळाच्या काठावर जाते, ६.५ची आत राहते.

मग .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखे मोठे काडतूस का नको? त्याच्या जड गोळ्या वाऱ्याला आणखी कमी दाद देतात, हे खरे. पण खांद्याला बसणारा धक्का पुष्कळ मोठा असतो. दिवसभरात साठ-सत्तर गोळ्या झाडणाऱ्याचे शरीर तो धक्का आधीच ओळखून आक्रसते, चाप ओढताना हात हलतो, आणि कागदावर कमावलेले इंच खांद्यापाशीच गमावले जातात. जास्त दारूमुळे नळीही लवकर झिजते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इंग्लंडच्या बिस्ले मैदानावर आजही .३०८ का चालते? तिथल्या टार्गेट रायफल प्रकारात नियमच .२२३ किंवा .३०८चा आहे. सगळ्यांच्या गोळ्या वाऱ्याने जवळजवळ सारख्याच ढळतात, त्यामुळे कस लागतो तो वारा वाचण्याचा. नळीच्या आयुष्यातही .३०८ सरस आहे: ती साधारण पाच हजार गोळ्या टिकते, ६.५ची दोन-तीन हजार. नियमांच्या चौकटीत किंवा मोजक्या खर्चात भरपूर सराव करायचा असेल, तर .३०८ची निवड शहाणपणाचीच ठरते.

तेव्हा आधी स्पर्धेचा नियम पाहा. नियमाची आडकाठी नसेल, तर खांद्याला झेपतील अशा काडतुसांपैकी वाऱ्यात सर्वांत कमी सरकणारे निवडा. दोहोंत फरक थोडाच असला, तर स्वस्त पडेल ते घ्या आणि उरलेले पैसे सरावाच्या गोळ्यांवर खर्च करा.