संगणक आपला निर्देशिका सर्व्हर कसा शोधतो?

सकाळी कार्यालय उघडते. लिपिक संगणक सुरू करतो, आपले नाव व परवलीचा शब्द टंकित करतो आणि थोड्याच वेळात कामाचा पडदा समोर येतो. एखाद्या दिवशी मात्र तोच पडदा येण्यास दहा-दहा मिनिटे लागतात, किंवा सर्व्हर उपलब्ध नसल्याची सूचना झळकते. खोळंबलेले नागरिक खिडकीपाशी उभे राहतात आणि दोष यंत्राच्या वयाला दिला जातो. पुष्कळदा यंत्र निर्दोष असते. ते चुकीच्या दाराशी गेलेले असते, एवढेच.

मोठ्या संस्थेत कोण कर्मचारी, त्याचे अधिकार कोणते, कोणता संगणक संस्थेचा, याची मध्यवर्ती नोंदवही ठेवावी लागते. तिलाच निर्देशिका म्हणतात. अशा निर्देशिकांसाठी ‘एक्स.५००’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वापरण्यास अवजड होते, म्हणून अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९९० नंतरच्या काळात ‘एलडॅप’ ही सुटसुटीत पद्धती तयार झाली. मायक्रोसॉफ्टने २००० साली विंडोज २००० बरोबर आणलेली ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ हा याच परंपरेतील, कार्यालयांतून फार मोठ्या प्रमाणावर रूढ झालेला प्रकार होय. पुढील विवेचन तिला अनुसरून केले आहे.

या नोंदवहीच्या प्रती एकाहून अधिक सर्व्हरांवर असतात व त्या परस्परांशी जुळवून घेतल्या जातात. मग तीनशे संगणकांपैकी प्रत्येकात सर्व्हरचा पत्ता लिहून का ठेवू नये? कारण सर्व्हर बदलला की तीनशे ठिकाणी हात लावावा लागेल. त्यामुळे संगणकाला केवळ आपल्या संस्थेच्या क्षेत्राचे नाव ठाऊक असते. सर्व्हर तो विचारून शोधतो.

विचारायचे कोणाला? नामसेवेला, म्हणजे डीएनएसला. जाळ्याला जोडताच संगणकास स्वतःच्या पत्त्याबरोबर नामसेवेचा पत्ताही सामान्यतः आपोआप मिळतो. येथेच एक घोटाळा वारंवार होतो. इंटरनेट जलद चालावे म्हणून कोणी हौसेने संगणकात सार्वजनिक नामसेवेचा पत्ता भरतो. त्या सेवेला जगातील संकेतस्थळे ठाऊक असतात, संस्थेची अंतर्गत नावे नसतात. इंटरनेट उत्तम चालते आणि कार्यालयाचा सर्व्हर मात्र सापडत नाही!

संस्थेच्या नामसेवेत प्रत्येक निर्देशिका सर्व्हर आपली सेवा-नोंद स्वतःच दाखल करतो. ‘एसआरव्ही’ नावाच्या या नोंदीत सेवा कोणत्या यंत्रावर, कोणत्या क्रमांकाच्या द्वारावर मिळेल, तसेच त्या यंत्राचा अग्रक्रम व भार किती, हे असते. ही यादी हाती येताच संगणक त्यातील सर्व्हरांना एकामागून एक छोटीशी हाक देतो. जो प्रथम उत्तर देतो, तो तात्पुरता निवडला जातो.

परंतु प्रथम उत्तर देणारा जवळचाच असेल असे नाही. हाका क्षणाच्या अंतराने दिल्या जात असल्याने यादीत आधी आलेल्या दूरच्या सर्व्हरला आघाडी मिळते. यावरचा उपाय म्हणजे ‘साइट’, अर्थात स्थळाची कल्पना. समजा, एका संस्थेचे मुख्य कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि तालुक्यांना शाखा आहेत. कोणती पत्तामालिका कोणत्या शाखेची, हे प्रशासकाने निर्देशिकेत नोंदवायचे असते. उत्तर देणारा सर्व्हर संगणकाचा पत्ता या नोंदीशी ताडून पाहतो आणि ‘तू अमुक स्थळाचा आहेस’ असे कळवितो. सर्व्हर स्वतः जवळचा नसेल, तर संगणक नामसेवेकडे परत जाऊन त्या स्थळाचीच यादी मागतो. स्थळाचे नाव तो लक्षात ठेवतो, त्यामुळे पुढील खेपेस हा हेलपाटा वाचतो.

सारी व्यवस्था या एका नोंदीवर तोलून आहे. नवी शाखा उघडते, नवी पत्तामालिका दिली जाते, फर्निचरची यादीसुद्धा वेळेवर होते. निर्देशिकेतील नोंद तेवढी राहून जाते. मग शेजारच्या खोलीत सर्व्हर असूनही संगणक शंभर किलोमीटरवरील सर्व्हरकडे धाव घेतो. काम अडत नाही, संथ होते, आणि म्हणूनच चूक महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानात येत नाही.

एकदा सापडलेला सर्व्हर संगणक सहसा सोडत नाही. प्रत्येक वेळी नव्याने शोध घेणे परवडणारे नसते. तो सर्व्हर उत्तर देईनासा झाला, तरच पुन्हा शोध सुरू होतो. शाखेचा सर्व्हर बंद पडला, तर संगणक मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर काम भागवितो; मात्र दूरच्या सर्व्हरची आठवण साधारणपणे पंधरा मिनिटेच ग्राह्य धरून मग जवळच्याची पुन्हा चौकशी करतो. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत याशिवाय दर बारा तासांनी सक्तीने फेरशोध होतो.

सर्व्हर सापडूनही प्रवेश नाकारला जातो, अशा वेळी भिंतीवरील घड्याळाकडे पाहावे. ओळख पटविण्याच्या ‘कर्बेरॉस’ पद्धतीत संगणक व सर्व्हर यांच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक सामान्यतः चालत नाही. घड्याळ सर्व्हरकडून आपोआप जुळविले जाते खरे. पण आतील छोटी बॅटरी संपलेला संगणक दर सकाळी भलतीच तारीख घेऊन उठतो.

एकही सर्व्हर सापडला नाही तरी पूर्वी त्याच संगणकावर काम केलेल्या व्यक्तीस बहुधा प्रवेश मिळतो, कारण विंडोज शेवटच्या दहा वापरकर्त्यांची पडताळणी जवळ राखून ठेवते. हा आकडा प्रशासकास बदलता येतो. बदली होऊन नुकत्याच आलेल्या कर्मचाऱ्यास मात्र त्या दिवशी थांबावेच लागते.

ज्यांच्या स्थळाचा पत्ता लागला नाही, अशा संगणकांची नोंद सर्व्हर ‘नेटलॉगॉन’ नावाच्या फाइलमध्ये पत्त्यांसह करीत असतो. नवी शाखा सुरू झाल्यावर आठवडाभराने ती फाइल उघडून पाहण्यास तंत्रज्ञाला पाच मिनिटे पुरतात.