व्यस्त सहसंबंध : एका खानेसुमारीचा धडा

एक राशी वाढत असता दुसरी घटत जावी, अशा संबंधास संख्याशास्त्रात ‘व्यस्त सहसंबंध’ म्हणतात व त्याचे माप शून्यापासून उणे १ पर्यंत जाते. परंतु ते माप समूहाचे की व्यक्तीचे, हा प्रश्न किती निर्णायक ठरतो, हे अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सप्रमाण दाखवून दिले.

१९३० सालच्या अमेरिकन खानेसुमारीचे आकडे पडताळता, तत्कालीन ४८ राज्यांपैकी ज्यांत परदेशी जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक, त्यांत निरक्षरता सामान्यतः कमी, असा उणे ०.५३ चा सहसंबंध त्यांना आढळला. आणि एवढ्यावरून बाहेरून आलेला मनुष्य मूळ रहिवाशाहून अधिक साक्षर असला पाहिजे, असे अनुमान कोणीही बिनदिक्कत काढले असते. प्रत्यक्षात व्यक्तिवार हिशेब मांडला तेव्हा तोच सहसंबंध अधिक ०.१२, म्हणजे क्षीण परंतु उलट दिशेचा निघाला : निरक्षरता बाहेरून आलेल्यांतच जास्त होती.

या विसंगतीचे कारण असे, की परदेशांतून आलेली कुटुंबे, ज्या राज्यांतील मूळ रहिवासी अगोदरच अधिक साक्षर होते, अशा राज्यांत वस्ती करून राहिली होती. राज्याची साक्षरता त्यांच्यामुळे नव्हे, तर शेजाऱ्यांमुळे उंचावलेली होती.

म्हणून जिल्हावार किंवा प्रांतवार सरासरींचा तक्ता समोर आला, तर त्यावरून प्रदेशाविषयी अवश्य बोलावे. तेथील माणसाविषयी निवाडा देण्यास मात्र माणसागणिक आकडेच हवेत.