दारातला मिक्सर, अंगणातल्या प्लेटा : राहत्या जागेत धंद्याचं सामान ठेवताना

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, पण तुमच्यापैकी अनेकांच्या गल्लीत तो उभा आहे. सेंटरिंगचं काम घेणारा एखादा ठेकेदार स्वतःच्या प्लॉटवर राहतो. घरामागच्या मोकळ्या जागेत लोखंडी प्लेटा, बल्ल्या, मिक्सर. नाहीतर मंडपवाला : बांबू, पाइप, कापडाचे गठ्ठे, जनरेटर. तो म्हणतो, जागा माझी, प्रॉपर्टी कार्डावर नाव माझं, मी एक वीटसुद्धा रचलेली नाही, मग परवानगी कसली? शेजारी म्हणतो, पहाटे पाचला प्लेटा टेम्पोत आदळायला लागल्या की झोप कुणाची जाते? बरं, गोदाम भाड्याने घ्यायचं तर छोट्या ठेकेदाराची कमाई त्यातच जाणार. म्हणजे इथे एकाच्या पोटाचा आणि दुसऱ्याच्या घरपणाचा प्रश्न आहे.

आता 'मी काही बांधलेलं नाही' या वाक्याकडे येऊ. इथेच गफलत होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 उघडा. त्यातल्या कलम 2(7) मध्ये 'विकास' या शब्दाची व्याख्या आहे. आपण विकास म्हटलं की इमारत समजतो. कायदा म्हणतो, जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात महत्त्वाचा बदल केलात, तर तोही विकासच. आणि विकासाला कलम 43 प्रमाणे परवानगी लागते. म्हणजे भिंत न बांधताही तुम्ही विनापरवाना विकास करू शकता!

पण घाबरू नका, त्याच कलमात काही सवलती आहेत. आपल्या कामाच्या दोन. एक, जमीन नेहमी एका कामासाठी वापरली जाते आणि प्रसंगी दुसऱ्या कामासाठी, तर त्या प्रासंगिक वापराला परवानगी नको. दोन, राहत्या घराला आनुषंगिक असलेला वापर. प्लंबर आपली हत्यारांची पेटी घरी ठेवतो, इलेक्ट्रिशियन शिडी जिन्याखाली ठेवतो. याला कुणी वापरबदल म्हणणार नाही. मंडपवाल्याचं सामान लग्नाहून रात्री उशिरा परतलं आणि दोन दिवस अंगणात पडलं, तर तेही प्रासंगिक म्हणता येईल. पण तेच सामान बारा महिने तिथे, रोज टेम्पोची ये-जा, चार मजूर तिथेच चढ-उतार करताहेत, असं झालं की घर बाजूला राहतं आणि ते आवार म्हणजे गोदाम होतं. नेमकी रेघ कुठे? आकड्यात कुठेही लिहिलेली नाही. माझ्या मते किती सामान आहे यापेक्षा किती दिवस आहे आणि त्यासाठी बाहेरचे किती लोक येतात, हे बघावं.

याला आधार आहे. आपल्या विकास नियमावल्यांमध्ये घरगुती व्यवसायाची कल्पना आहे. तो घरातल्या माणसाने करायचा, पगारी मजूर न लावता, बाहेरून धंद्याची खूण न दिसता, आणि घरात एरवी वापरतो त्यापलीकडची यंत्रं न वापरता. शिवणकाम त्यात सहज बसतं, मिक्सर बसत नाही.

अजून एक गैरसमज. 'बांधकाम साहित्याच्या शेडला तात्पुरती परवानगी मिळते' असं लोक सांगतात. मिळते, पण ज्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे त्याच प्लॉटवरच्या कामापुरती. गावभरच्या साइटचं सामान तिथे आणून टाकायला नाही.

मग करायचं काय? आधी महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. मुंबईला स्वतःची नियमावली आहे. राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत नियमावली लागू आहे, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात. निवासी विभागात काय चालतं हे तिथे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरही ठरतं, त्यामुळे बोळातल्या प्लॉटला जे चालत नाही ते मोठ्या रस्त्यावर चालू शकतं. तुमचा वापर त्या यादीत असेल तर कलम 44 खाली अर्ज करा. यादीतच नसेल, तर अधिकाऱ्याची इच्छा असूनही तो देऊ शकत नाही. 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूदही नियमात बसणाऱ्या प्रस्तावापुरतीच आहे. नकार आला तर कलम 47 प्रमाणे 40 दिवसांत शासनाकडे अपील.

आणि नोटीस आधीच हातात पडली असेल तर? ती फाडू नका, खिशात घालून हिंडू नका. वर कलम कोणतं लिहिलंय ते बघा. कलम 53 ची असेल, तर नोटिशीत दिलेल्या मुदतीतच वापर चालू ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत केवळ त्या नोटिशीमुळे तुमचा वापर थांबत नाही. मुदत टळली की ही सोय गेली. कलम 55 असेल तर प्रकरण वेगळं. ते तात्पुरत्या स्वरूपाच्या कामासाठी आणि वापरासाठी आहे, पत्र्याची शेड त्यात येऊ शकते. आदेश मिळाल्यापासून 15 दिवसांत काढायची, आणि अमुक गोष्ट तात्पुरती आहे की नाही याबद्दल नियोजन प्राधिकरणाचा निर्णय अंतिम. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा त्या पंधरा दिवसांत सामान कुठे हलवायचं ते आधी ठरवा.