द्राक्षबागेतले राखणदार

निफाड-दिंडोरीकडच्या बागाईतदाराला मिलीबग खुपतो तो घडात शिरल्यावर. मण्यांत साखर भरू लागली की खोडाच्या, ओलांड्याच्या सुटलेल्या सालीखाली दडलेला हा पिठ्या ढेकूण घडाकडे सरकतो. त्याचा चिकटा मण्यांवर पसरतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि निर्यातीचा घड बाजूला टाकावा लागतो. तेव्हा कडक औषध मारायचं, तर काढणीला दिवस थोडे आणि युरोपच्या मालाला उर्वरित अंशांची तपासणी ठरलेली. शिवाय किडीच्या अंगावर मेणकट कापूस, वर साल. थेंब तिच्यापर्यंत जाणार कसा?

एकेक मिलीबग हुडकून काढणारी एक माशी बागेतच असते. ॲनागायरस डॅक्टिलोपी. गांधीलमाशीच्या गणातली, पण जेमतेम दोन मिलिमीटरची, माणसाला अजिबात न डसणारी. माशीची मादी मिलीबगला मिशांनी चाचपते आणि त्याच्या अंगात अंडं घालते. अळी त्याला आतून पोखरते. मागे राहतं कडक, तपकिरी कवच. त्याला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी प्रत्येकाने भिंग घेऊन ही भोकं शोधावीत, असं मला मनापासून वाटतं.

द्राक्षावरच्या या गुलाबी मिलीबगचं, मॅकोनेलिकॉकस हिर्सुटसचं, शास्त्रीय वर्णन १९०८ साली झालं ते भारतातल्या नमुन्यांवरून. १९९४मध्ये तो कॅरिबियन बेटांपैकी ग्रेनाडात सापडला, तेव्हा तिथं त्याला आवरणारं कुणीच नव्हतं. जास्वंदीपासून कोकोपर्यंत झाडं वाळली, शेजारच्या बेटांनी तिथला माल घेणं थांबवलं. अखेर ॲनागायरसचीच दुसरी जात, कामाली, तिथं सोडली गेली. जोडीला भारतातून मिलीबग खाणारे क्रिप्टोलीमस भुंगेरे गेले. कीड आवाक्यात आली. तिकडे समुद्रापलीकडून आणावे लागलेले राखणदार आपल्या ओलांड्यावर फुकट राबतात, आणि आपण त्यांनाच फवारून मारतो.

क्रिप्टोलीमस मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणलेला. त्याची पैदास हे निगुतीचं काम आहे, आणि ते चालतं लाल भोपळ्यावर. देठासकट, खोल खाचांचा भोपळा निवडायचा, बुरशीनाशकाच्या पाण्याने पुसायचा, जखमा मेणाने बुजवायच्या. मग त्यावर मिलीबगची अंडी सोडायची. काही आठवड्यांत भोपळा पांढरा दिसू लागतो. तो पिंजऱ्यात ठेवून भुंगेरे सोडले की त्यांची पुढची पिढी त्याच खाद्यावर वाढते. भोपळा मध्येच सडला तर सगळी मेहनत वाया. बागेसाठी हेक्टरी सुमारे ५००० भुंगेऱ्यांची शिफारस असते.

या भुंगेऱ्याची अळीही पांढरी, मेणाच्या झुपक्यांची, हुबेहूब मिलीबगसारखी. न ओळखणारा तिलाच कीड समजून औषध मारतो. अळी आकाराने मोठी आणि चपळ असते; काडीने डिवचलं की भराभर चालू लागते.

मुंग्यांचा बंदोबस्त मात्र आधी हवा. चिकट्याच्या लोभाने त्या मिलीबगची राखण करतात आणि माशीला, भुंगेऱ्याला हुसकावतात. म्हणून सुटलेली साल काढायची, बांधावरची वारुळं मोडायची, खोडाला चिकट पट्टी बांधायची आणि मगच भुंगेरे सोडायचे, तेही संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. त्यानंतर सिंथेटिक पायरेथ्रॉइडसारखं सरसकट मारणारं औषध बागेत आणायचं नाही. त्याने राखणदार मरतात आणि सालीखालचा मिलीबग पुन्हा उसळतो.