पाहुण्या विद्यार्थ्यांना काय दाखवाल?
सुरुवात मंगरूळपीरमधूनच करावी: दादा हयात कलंदर यांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचे मंदिर.

वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करवून घेणारा वराहदेव हा याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री. अजिंठ्याचे नाव ऐकून आलेल्या परदेशी मुलांना हे आवर्जून सांगा.

कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. जवळच्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट पाहायला मात्र सकाळीच जावे. काळविटाचा नर वयात येताना तपकिरीचा काळा होत जातो, पोट आणि डोळ्यांभोवतीची कडी पांढरीच राहतात. दुर्बीण असेल तर पिळाची शिंगेही न्याहाळता येतात.

बंजारा समाजाच्या पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी आहे.