अणुकेंद्राचं व्हायब्रेशन आणि न्यूट्रॉनची साय

स्प्रिंग आणि मासचं मॅट्रिक्स सोडवताना मेकॅनिकलवाल्यांना वाटत असेल, की हे लचांड पेपरपुरतंच आहे. पण अशाच मॅट्रिक्समधून शिशाच्या अणुकेंद्राची थरथरसुद्धा काढतात. ती कशी, एवढंच सांगतो. क्वांटमची भीती घालत नाही.

शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन. त्यावर गॅमा किरण पडले तर एखादाच कण उडेल असं आपल्याला वाटतं. पण १३.५ एमईव्हीच्या आसपास अख्खी झुंड डोलते! प्रोटॉन एकीकडे, न्यूट्रॉन दुसरीकडे, मग उलट. सेकंदाला सुमारे ३ वर २१ शून्यं इतक्या वेळा. मेसमध्ये एकाने ताट वाजवलं तर कोणी ढुंकून बघत नाही. सगळ्यांनी एका ठेक्यात वाजवलं की रेक्टर हजर, तसंच हे. प्रोटॉन-न्यूट्रॉन वेगळे झाले की केंद्राला ऊर्जेचा भुर्दंड पडतो. तीच इथली स्प्रिंग. गोल्डहेबर आणि टेलर यांनी १९४८ साली हे चित्र मांडलं.

आता न्यूट्रॉन जास्त झाले तर? जादाचे न्यूट्रॉन बाहेर साय धरतात (आपल्या मेसच्या दुधावर नसते ती). कथिल-१३२ मध्ये ५० प्रोटॉनला ८२ न्यूट्रॉन. त्यावरच्या जर्मनीतल्या प्रयोगात २००५ साली मोठ्या उंचवट्याखाली, १० एमईव्हीजवळ, एक छोटा उंचवटा दिसला. नाव पडलं पिग्मी. गाभा एकीकडे आणि साय दुसरीकडे हलते, असा त्याचा अर्थ लावतात. त्यावर वाद आहेतच.

गणित दोन टप्प्यांत होतं. आधी शांत केंद्र. प्रत्येक कणाचा बाकी २०७ कणांशी हिशोब कोण करणार? म्हणून सगळ्यांनी मिळून केलेल्या सरासरी क्षेत्रात एकेक कण फिरतो असं धरायचं. पवईच्या आयआयटीतले वाय. के. गंभीर यांनी रिंग आणि थिमेट यांच्यासोबत १९९० साली याच पद्धतीवर लिहिलेला पेपर जगभर वापरला गेला. मग ते क्षेत्र हलकंच हलवायचं. कणाची खालच्या पातळीतून वरच्या रिकाम्या पातळीत जाणारी प्रत्येक उडी म्हणजे एक मास, आणि उड्यांमधलं कपलिंग म्हणजे स्प्रिंग. सुट्या उड्या ७ एमईव्हीच्या आसपास असतात, पण कपलिंग घातलं की एक मोड बाकीच्यांना सोडून थेट १३.५ च्या आसपास चढतो. मला तर यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

एवढा खटाटोप कशाला? कारण हीच स्प्रिंग न्यूट्रॉन ताऱ्याचा आकार ठरवते. साय जाड, तर तारा लठ्ठ. असे तारे एकमेकांवर आदळले की निघणाऱ्या लहरी टिपण्यासाठी वाशीमपलीकडे, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला लायगो वेधशाळेला २०२३ साली केंद्राची मंजुरी मिळाली.

भांडण पुढेच आहे. फेम्टोमीटर म्हणजे मीटरचे १ वर १५ शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक. शिशाची साय जपानमध्ये २०११ साली अशाच डोलण्यावरून काढली, ती सुमारे ०.१६ फेम्टोमीटर. अमेरिकेत २०२१ साली इलेक्ट्रॉन मारून मोजली, तर ०.२८, चूक ०.०७ इकडे-तिकडे. २०२२ मध्ये त्याच पद्धतीने कॅल्शियम-४८ ची मोजली, ती मात्र पातळ, ०.१२. शिशाची जाड आणि कॅल्शियमची पातळ, दोन्ही एकाच मॉडेलमधून काढताना अजून सगळ्यांचीच ओढाताण होते.