बॅकअपची नवी उभारणी : जुनी प्रत पुसण्याआधी

व्यापाराचा हिशेब आता वहीतून कॉम्प्युटरमध्ये गेला आहे. सुरत-मालेगावहून आलेल्या मालाची बिले, गिऱ्हाइकांची उधारी, जीएसटीची विवरणे, सारे तेथेच असते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून पुष्कळ व्यापारी दुकानाच्या मागच्या खोलीत नकलेसाठी एक वेगळा कॉम्प्युटर ठेवतात. त्यालाच बॅकअप सर्व्हर म्हणतात. काही वर्षांनी त्याची डिस्क थकते, जागा संपते आणि तो नव्याने उभारावा लागतो. खरा धोका याच वेळी असतो, कारण नवी मांडणी करताना डिस्कवरची जुनी प्रत पुसली जाते.

प्रथम फाईल सिस्टीम म्हणजे काय ते पाहू. गोदामात कोणते ठाण कोणत्या फळीवर आहे, याची जशी नोंदवही असते, तशी डिस्कवरची ही नोंदवही होय. ती बिघडली की माल असूनही सापडत नाही. १९९६ च्या सुमारास आलेल्या फॅट-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही. एनटीएफएस आणि ईएक्सटी-४ या पद्धती बदलांची वेगळी नोंद ठेवतात, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी नोंदवही सहसा सावरते. परंतु घडी घातलेल्या ठाणाला आतून कसर लागली, तर ते त्यांना कळत नाही.

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस ही पद्धत येथे पुढे जाते. ती प्रत्येक तुकड्याचा पडताळा-आकडा लिहून ठेवते आणि वाचताना तो जुळवून पाहते. दोन डिस्कवर जोडप्रत असेल तर खराब तुकडा चांगल्यावरून दुरुस्तही करते. डिस्क एकच असेल तर बहुधा फक्त बिघाड सांगते. शिवाय ठरावीक वेळेची स्थिती ती ‘स्नॅपशॉट’ म्हणून राखून ठेवते, त्यामुळे नंतर चुकून पुसलेली फाईल परत मिळते.

मात्र जोडप्रत म्हणजे बॅकअप नव्हे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे जगभर बंद पाडले. आपल्या न्हावाशेवा बंदरातील त्यांच्या गटाच्या टर्मिनलचे कामही थांबले. जाळ्यातील कॉम्प्युटरांची नोंद सांभाळणारे त्यांचे सुमारे १५० सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते, म्हणून सारे एकदमच गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशातला. तेथे त्या वेळी वीज गेलेली होती! ती डिस्क विमानाने इंग्लंडला नेऊन कंपनीने पुन्हा उभारणी केली. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने बसवावे लागले. भारनियमनाला आपण खानदेशातले लोक कंटाळलेले असतो, पण तार काढून ठेवलेल्या डिस्कचे मोल या घटनेवरून कळते.

आता बदलाचा क्रम सांगतो. जुना सर्व्हर पुसण्याआधी नव्या डिस्कवर पूर्ण नक्कल घ्यावी. ती घेतली एवढ्यावर न थांबता, दुसऱ्या कॉम्प्युटरवर टॅलीत उघडून मागील मार्चची शिल्लक आणि दोन-चार उधारीची खाती जुळवावीत. ही नक्कल बाजूला ठेवून मगच सर्व्हरवर झेडएफएस मांडावी, कारण जुन्या पद्धतीवरून ती जागच्या जागी बदलता येत नाही, डिस्क रिकामीच लागते. माहिती परत भरल्यावर पुन्हा जुळवणी करावी. बाजूला ठेवलेली डिस्क निदान एक वार्षिक विवरण भरले जाईपर्यंत पुसू नये.

पुढे महिन्यातून एकदा ‘स्क्रब’ चालवावे, म्हणजे सर्व तुकड्यांची तपासणी होते. एक प्रत नेहमी तार काढून, शक्यतो दुकानाबाहेर घरी ठेवावी. सर्व्हरचा पासवर्ड बिलाच्या कॉम्प्युटरवर ठेवू नये, नाहीतर व्हायरस स्नॅपशॉटपर्यंतही पोहोचू शकतो.

कारागीर बंधूंनी हा खर्च मोठा समजू नये. झेडएफएस विनामूल्य मिळते, पैसे लागतात ते डिस्कचे. सर्व्हर परवडत नसेल, तर दोन बाहेरच्या डिस्क घेऊन आठवड्याआड आलटून पालटून वापराव्यात. उधारीची नोंद ही दोन्ही बाजूंची अमानत आहे. ती नाहीशी झाली तर देणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात. तेव्हा उघडून न पाहिलेल्या नकलेच्या भरवशावर जुनी प्रत कोणीही पुसू नये.